ज्याचं त्याचं मोहाचं झाड

१८ मार्च
सासूची टोपली गार्डनं गेटवरच ठेवून घेतली! जंगल आता कंपनीकडे सांभाळायला दिलंय म्हणे. मोहफुलं वेचायची नाहीत, हरणांना लागतात. आणि मी त्याच कंपनीच्या रिसॉर्टात पोळ्या लाटते! घरी आले. जेवताना सासू एवढंच म्हणाली, "माह्या सासूनं देल्लं झाड हाय ते." उद्या कोणत्या तोंडानं कामावर जाऊ?

२१ मार्च
वारा जंगलाकडून आहे. मोहाचा वास किचनपर्यंत येतो.

२४ मार्च
घ्या! मॅनेजर अनुपसर म्हणतात, पाहुण्यांना पहाटे मोह वेचायचा 'अनुभव' द्यायचाय, गावातली एखादी म्हातारी आणा. नवं लुगडं आम्ही देऊ! डोकंच फिरलं माझं. हिसकायचं आणि वर नाचवायचं?
घरी सासूला सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल. तर म्हणे, "येतो ना मी. त्या बहाण्यानं जंगलात तर जाईन." अवं माय! रडूच आलं मला.

२६ मार्च
फजिती झाली! सरांनी पाहुण्यांना रस्त्याकडच्या झाडाखाली उभं केलं. सगळे मोबाइल काढून तयार. सासू वाकेचना.
"हे झाड लहानूचं हाय. त्याले इचारल्याबिगर मी हात नाई लावत."
आमच्याकडे असंच आहे. जंगलात असलं तरी मोहाचं एकेक झाड एकेका घराचं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. सर चिडले — "जंगल कंपनीकडे आहे. हा लहानू कोण?" सासू ढिम्म! शेवटी एक पाहुणी म्हणाली, "मग विचारा ना त्यांना." बाकीच्यांनीही तेच धरलं.
पाहुण्यांपुढे सर हसले. किचनमध्ये येऊन माझ्यावर डाफरले, "उद्या त्या लहानूला आणा, नाहीतर तुम्हीही येऊ नका."
जाते आता नोकरी! पण खरं सांगते, सासूचा राग नाही आला. येताना दोघी जाम हसलो. मग ती लहानूमामाच्या घरी गेली, ती रात्री जेवायलाच परतली.

२७ मार्च
लहानूमामा पहाटेच गेटवर हजर. "परवानगी द्याले आलो." मागे अख्खं गाव — जो तो आपापल्या झाडाची परवानगी द्यायला, टोपली घेऊन! पाहुणे बघतायत. गार्डनं सरांकडे पाहिलं, सरांनी पाहुण्यांकडे. गेट उघडलं.
मी कणीक तशीच टाकली आणि गेले. आमच्या झाडाखाली.