पुसायची राहिलेली कॅसेट

नरपड,
१२ जानेवारी २०२५

प्रिय पुष्पा,

तुला, जीवनला आणि नवरी निलमला खूप खूप आशीर्वाद. इथे थंडी बरी आहे. चिकूची वाडी यंदा दुसऱ्याला करायला दिली. अमृत गेल्यापासून माझ्या एकटीच्याने होत नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बेन, आईची ती कॅसेट कुठंच मिळत नाही. तुमच्याकडे असली तर द्या. माझ्या लग्नात आई गायली नाही, नातीच्या लग्नात तरी वाजू दे."

मी म्हटलं, शोधते. शोधायचं काही नव्हतं, पुष्पा. ती माझ्या साड्यांच्या कपाटातच आहे.

चिकू भरायच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून आम्ही 'किनारा कॅसेट्स' काढली. धोंडी तारपा वाजवायला लागला की थांबायचाच नाही. अमृत ओरडायचा, "अरे, तुला नाही तर टेपला तरी दम खाऊ दे!" दोन वर्षांत तलासरीच्या बाजारात टपरीटपरीवर आमच्या कॅसेटी होत्या. पुढे मोबाइलच्या दुकानांत तीच गाणी कार्डात भरून मिळू लागली आणि आम्ही खोलीला कुलूप लावलं. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते.

'किनारा' नुकती काढली तेव्हा तू एकोणीसची. तुझी आई धवलेरी, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागायचं नाही. मशीन तपासायला मी म्हटलं, "रूपी, जरा गा." ती म्हणाली, नवरीशिवाय कसं गाऊ? मग हसत हसत तुलाच पाटावर बसवलं, डोक्यावर माझी पिवळी ओढणी. तू चोरून चिकू खात होतीस. आणि ती जी गायली!

गाणं संपलं, तू बाहेर पळालीस. तेव्हा ती मला म्हणाली, "बाय, हा पुसून टाक. माझे पोरीचा खरा लगीन बाकी हाय. तवा गाईन."

मी हो म्हटलं.

वैशाखात एका खऱ्या लग्नात तिला पुन्हा रेकॉर्ड केलं. ते फिकं आलं. मी पहिलंच बाजारात आणलं. आमची सगळ्यांत जास्त खपलेली कॅसेट तीच.

तुझ्या मांडवात रूपी गायला उभी राहिली आणि बाहेर भोंग्यावर कुणीतरी नेमकी तीच लावली. तिने माझ्याकडे पाहिलं. "वाजतंय की," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. जीवनला तू स्वतः निवडलंस म्हणून आई रुसली, असं तू धरून बसलीस. तिने माझं नाव कधी सांगितलं नाही. मीही खरं सांगितलं नाही. ती गेली तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून तेच म्हणत रडलीस, तरी मी नुसती तुझी पाठ थोपटली.

ती तुझ्यावर रागावली नव्हती गं. कधीच नाही.

कॉन्व्हेंटात शिकलेली मी, सॉरी शब्द दिवसातून दहादा तोंडात. तिला मात्र एकदाही म्हटलं नाही.

निलमसाठी धवलेरी बोलाव. ही कॅसेट मांडवात लावू नकोस. सोबत आमचा जुना टेप पाठवते आहे, नवे सेल घातलेत. तू एकटी ऐक. विकताना गाण्यानंतरचं तिचं बोलणं आम्ही कापलं होतं. ह्या मूळ कॅसेटमध्ये ते आहे. "तवा गाईन" म्हणताना ती हसते आहे.

तुझ्या लग्नाचं गाणं विकून बसलेली,
चंद्रिकाबेन