जाळं की वाट

कलाबार, नायजेरिया,
२१ ऑगस्ट २००९

प्रिय आरितताईस,
धाकट्या एफिओमचा नमस्कार. भावजींची कंबर कशी आहे? इकडे सगळे बरे. तुझ्या भावजयीला, इमाला, मात्र बाजारातली सुकी कोळंबी पसंत पडत नाही. म्हणते, ताईंच्या धुरीचा वास हिला कुठला!

चर्चच्या बाईंकडून तुझा निरोप मिळाला. ‘एफिओम कलाबारच्या खुर्चीला चिकटला की काय? आईच्या थडग्यावरचं गवत मी एकटीनंच काढायचं का?’ वाचून हसलो. मग उत्तर लिहायला आठ दिवस लागले.

ताई, आपलं बकासी नायजेरियाकडून कॅमेरूनकडे जाऊन वर्ष झालं. तिकडे यायच्या परवान्यासाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही परत आले. एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं मी लपवलं.

दोन्ही सरकारांच्या वाटाघाटींत मी दुभाष्या होतो. गावाच्या मागण्या मीच वाचल्या. घरं राहावीत, बोली राहावी, ज्याला हवं त्याला नायजेरियाचंच राहता यावं. हे सगळं मान्य झालं. घोडं अडलं शेवटच्या दोन मागण्यांवर: आपल्या पाण्यात मासेमारी, आणि दोन्हीकडच्या नातलगांना होडीनं विनापरवाना ये-जा. पलीकडचे म्हणाले, दोन्हींपैकी एकच.

जेवणाच्या सुट्टीत आपल्या मुख्य अधिकाऱ्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं.
“तू त्या पाण्यावर वाढलास. तुझी माणसं काय सोडतील?”

मला मासळीला धुरी देत चुलीपुढे बसलेली तू दिसलीस, मनगटापर्यंत काळवंडलेले हात.
“साहेब, जाळं सुटलं तर ती उपाशी मरतील,” मी म्हणालो. “वाट सोडतील.”

गावात कुणाला विचारलं नाही. तुलाही नाही. खरं सांगू? मनात होतं, आज ना उद्या तूही घर आवरून माझ्याकडे येशील. मग ये-जा हवीच कशाला? तू तिथेच राहशील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आपल्या आईची लेक तू, मला कळायला हवं होतं.

रविवारी धक्क्यावर जाऊन बसतो. आपल्या बोलीत कुणी हाक मारली की मान वळते. चार तासांचं तर पाणी, ताई.

तिसरा अर्ज काल टाकला. तोवर शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण तुझ्या हातानं लिहून पाठव.

तुझी भूक जाणली, पण तुझं मन न विचारलेला,
तुझा भाऊ
एफिओम