दुसरी सही

२ मार्च, सोमवार

आजपासून मला दुसऱ्या सहीचा अधिकार! पाच आठवडे नुसत्या बाटल्या पुसल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. आज साहेबांनी नमुना-सह्यांच्या वहीत माझी सही घेतली — तीनदा. तिसऱ्यांदा शेवटची रेघ नको तेवढी लांब गेली. साहेब इथल्या भाषेत अगदी सावकाश बोलले, मला ऐकू कमी येतं असं समजून बोलावं तसे. म्हणाले, "यापुढे कागदावर तुझी सही म्हणजे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस." मी मान डोलावली. त्यांच्यापुढे मला तेवढंच जमतं.

काम तसं साधं. आमच्या कारखान्यात डोळ्यांत घालायचे थेंब बनतात. माल बाहेर जाण्याआधी त्यातले थोडे काचेच्या बंद बशांमध्ये घालून पाच दिवस उबेच्या कपाटात ठेवायचे. जंतू असले तर ठिपके उगवतात. एकीने ठिपके मोजायचे, आकडा लिहायचा, सही करायची. दुसरीने पुन्हा बघायचं, मगच सही करायची. पहिली सही ताईची, दुसरी माझी.

ताई नात्याची कोणी नाही. पण या कारखान्यात आपली भाषा बोलणारी ती एकटीच. मला घ्यायला विमानतळावर तीच आली. तिच्या दोन खोल्यांतली मागची मला दिली. ती नसती तर मी तिसऱ्या दिवशीच बॅग भरली असती.

"काय मास्तरीणबाई," म्हणाली, "आता सह्याजीराव झालात की!"

घरी फोन केला. बाबा इतके खूश झाले की आईच्या हातात फोन जाईचना. बाबांना वाचता येत नाही, पण माझी सही ओळखतात. गल्लीत कुणाच्या कागदावर दिसली की तिच्यावर बोट ठेवून सांगतात — ही आमच्या पोरीची. गल्लीतली एकटी पदवीधर मी. कुणाचा अर्ज, कुणाचा करार, साक्षीदार ठरलेली. "पोरी, इथे सही कर" म्हटलं की केली! वाचायचं कशाला? शेजारच्या काकू काय खोटं बोलणार?

४ मार्च, बुधवार

गळ्यातलं ओळखपत्र घरी राहिलं. दार उघडेना. मागे रांग. कोणी एक शब्द बोललं नाही — तेच भयंकर! आपल्याकडे कुणी निदान ओरडलं तरी असतं.

६ मार्च, शुक्रवार

नव्या मालाच्या दहा बशा कपाटात ठेवल्या. त्यांच्यावर एक ते दहा आकडे मी घातले. बुधवारी बघायच्या.

कुणी मागून चालत आलं तरी दचकते. कधी जाणार हे?

११ मार्च, बुधवार

ताईची मुलगी तिकडे आजीपाशी आहे, बारा वर्षांची. आज तिला ताप. ताई सकाळपासून फोन चाचपत होती. तीन वाजता कोट उतरवला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"सगळ्यांत शून्य लिहिलंय. तू सही करून टाक."

"कपाट उघडलं का ताई?" — विचारलं मी. खरंच विचारलं. पण आवाज असा निघाला की मलाच जेमतेम ऐकू आला.

"तीन वर्षं शून्यच येतंय गं. बघितलंय म्हणते ना मी!"

मोठ्या माणसाने बघितलंय म्हटल्यावर पुन्हा कपाट उघडायचं म्हणजे तिला तोंडावर खोटं पाडणं. सही केली. शेवटची रेघ परत लांब गेली.

१२ मार्च, गुरुवार

काय करू? काय करू?

जुन्या बशा टाकायचं काम माझं. कालच्या दहा सहज उजेडाला धरत होते. सातव्या बशीत ठिपका. पिवळसर, मोहरीएवढा, कडा चकाकणारी. कॉलेजात असे शेकडो मोजले, तेव्हा मजा वाटायची. आज बशीवरचा आकडा दोनदा वाचला.

ताईला दाखवली. तिने बशी उजेडाला धरली.

"झाकण उघडलंस?"

"नाही."

"मग कुठेतरी हात लागला असेल तुझा."

असं म्हणून तिने बशी पिशवीत टाकली, पिशवी वाफेच्या यंत्रात, आणि कळ दाबली. यंत्र फुसफुसत राहिलं. त्यातून निघेल त्यात काही जिवंत नसणार. पुरावा संपला — आणि मला हायसं वाटलं! हे लिहितानाही लाज वाटते. पण वाटलं.

माल २४ तारखेला जाणार.

१३ मार्च, शुक्रवार

कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर नियम लावलेत. दीड महिना रोज त्यांच्यासमोर केस बांधते, आज वाचले. न पाहता सही केली तर नोकरी समाप्त. दोघांचीही. नोकरी गेली की इथे राहायची परवानगीही गेली.

१५ मार्च, रविवार

आईचा फोन. "आवाज का असा?"

"सर्दी."

"डोकं झाकत जा. आणि त्या ताईचं ऐकत जा, तिला कळतं सगळं."

हो म्हटलं.

मग बसून थेंबांच्या खोक्यातला माहितीचा कागद वाचला. आधी कधी वाचला नव्हता. 'शस्त्रक्रियेनंतर दिवसातून चार वेळा.' म्हणजे कापलेल्या डोळ्यात! कुणाच्या, ते मला कधी कळणारही नाही. त्या माणसाने मान मागे केलीये आणि त्याची लेक थेंब घालतेय — हेच सारखं दिसतं.

कदाचित माझाच हात लागला असेल. पण मी झाकण उघडलं नव्हतं. नव्हतं उघडलं.

१६ मार्च, सोमवार

साहेब टेबलापाशी थांबले. "सगळं ठीक?" सगळ्यांनाच विचारतात. माझ्या हातून बाटली पडली. काच वेचताना वाटलं, आत्ताच सांगावं. वर पाहिलं तर साहेब पुढे गेले होते.

१८ मार्च, बुधवार

आज बोलले. चहाचे कप विसळत होतो. तोंड नळाकडे होतं म्हणून जमलं.

"ताई, शुक्रवारी मी साहेबांना सांगणार आहे."

तिने नळ बंद केला.

"काय सांगणार?"

"की आपण बघितलं नव्हतं."

"वा! शिकलेली ना तू. आम्ही काय, झक मारतोय इथे नऊ वर्षं!" मग आवाज खाली आणून, "माझी पोर नववीत गेली की तिला इकडे आणणार होते. कागद भरलेत. माहितीये ना तुला?"

माहीत आहे. तिच्या खोलीत त्या मुलीसाठी पलंगसुद्धा आणून ठेवलाय. घड्या घातलेल्या चादरी त्यावर.

"आणि तू? घरी काय सांगशील? दोन महिन्यांत परत आले? गल्ली काय म्हणेल?"

कॉलेजातल्या बाई म्हणायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली थोर-लहान कोणी नसतं. वर्गात किती छान वाटायचं हे वाक्य! इथे ताईचे हात ओले होते आणि ती रडत नव्हती, नुसती बघत होती.

"ठिपका होता, ताई," एवढंच म्हटलं.

ती आत गेली. दार लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१९ मार्च, गुरुवार

ताई बोलत नाही. सकाळी माझा डबा मात्र भरून ठेवला होता. तसाच परत आणला.

२० मार्च, शुक्रवार, दुपार

उठले तर ताई घरात नव्हती. धावत कारखान्यात पोहोचले, तर ती साहेबांच्या खोलीतून बाहेर येताना दिसली. चेहरा धुतल्यासारखा. जिन्यापाशी तिने माझं मनगट धरलं, घट्ट.

"नीट ऐक. मी सांगून टाकलंय सगळं. कपाट उघडलं नाही, ठिपका होता, बशी मी टाकली. आणि दुसरी सही पण मीच केली म्हणून सांगितलंय, तुझी नक्कल करून. तुला बोलावतील. म्हणायचं, सही माझी नाही. बास."

"पण ताई —"

"पण नाही आणि बिण नाही. एकीने गेलेलं पुरे. मी आणलंय तुला विमानतळावरून, तुला परत सोडायला मी जाणार नाही. कळलं?"

तीन वाजता बोलावलंय. आता दोन वाजून दहा मिनिटं. अक्षर बघ कसं येतंय. एक शब्द बोलायचा, 'नाही'. मग मी राहते. ताई तर जाणारच, ती म्हणते. पण नक्कल करणारी म्हणून जाईल, जी नक्कल तिने केलीच नाही. खरं बोलले तर मीही जाते. बाबा... देवा, तीन वाजूच नयेत.

२० मार्च, संध्याकाळ

माल थांबवलाय. आमचं काय ते सोमवारी सांगणार.

साहेबांनी कागद माझ्याकडे फिरवला. शेजारी नमुना-सह्यांची वही उघडी. "ही सही तुझी आहे का?" या वेळी सावकाश नाही विचारलं. ताई भिंतीपाशी उभी राहून मानेनेच मला नको, नको म्हणत होती.

शेवटची रेघ लांब गेलेली. बाबांनी लगेच बोट ठेवलं असतं.

"माझी आहे," म्हटलं.