खात्यातला फोन

४ मार्च १९७४
मला न विचारता गिरणीतल्या आमच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळतो तिथं, फोन बसवला. ऑफिसच्या ऑर्डरी आता त्यातनं येणार. मुकादम मी, तवा फोन उचलायचा मीच. मशिनींच्या आवाजात घंटी कुणाला ऐकू येणार, म्हणून वर लाल दिवा. नवे सायब विरुपाक्ष म्हणाले, आज्जी, कॉन्फिडन्स पायजे. म्हटलं, तुमी लंगोटात होता तवापासनं तो माझ्याकडं हाय.

५ मार्च
पहिला फोन. झकास बोलले. मान डोलावली, चार बोटं दाखवली, ओठ सावकाश हलवले. खात्यात आमी बायका असंच बोलतो, घसा कोण फोडणार? फुलाबाई शेजारच्या मशिनीवर पोट धरून हसली. म्हणाली, नागव्वा, त्याला तुझी बोटं दिसत्यात व्हय गं? जळते मेली.

८ मार्च
आता तोंडानं बोलते. पण फोनातच खोट हाय. आत नुसते किडे वळवळतात. मिस्त्री म्हणाला, फोन चोख हाय. त्याला काय कळतंय. सायब समोर उभे राहून बोलले की अक्षर न् अक्षर कळतं. तोंड न दाखवता बोलणाऱ्याचा भरोसा काय?

११ मार्च
ठरलं. कळो न कळो, ‘व्हय’ म्हणायचं. मुकादमानं ‘काय? काय?’ करणं शोभत न्हाय.

१३ मार्च, सांज
सकाळी दिवा लागला. व्हय म्हटलं. फोन ठेवला. थोड्या वेळानं तीन नंबर मशिनीचा पट्टा तुटला आणि तिथल्या सारजाबाईच्या मनगटावर बसला. हाड वाचलं. सायब म्हणाले, पट्टा उसवलाय, मशिन बंद करा, हेच तर फोनवर सांगितलं! तुमी व्हय म्हणालात की! सारजाबाई नुसती बघत राहिली. लई वाईट बघते ती.

१४ मार्च
सायबांचा हुकूम, उद्या कानाचा डॉक्टर. त्यानं वाईट लिहिलं तर मुकादमी गेली, घरी बसायचं. पण कान ठणठणीत हायेत. डॉक्टरच्या तोंडाकडं नीट बघायचं, बास.

१५ मार्च
मेल्यानं आधी तोंडापुढं कागद धरला. मग बोलला का न्हाय, मला ठावं न्हाय.
घरी येऊन कडी लावून बसले. नात महादेवी मागच्या परसातनं आत आली, लालबुंद. कवाची कडी वाजवतीये, झोपलीस काय, म्हणाली. म्हटलं, वारं होतं. ती म्हणाली, पान हलत न्हाय, आज्जी.
ठरवलं मी, उद्यापासनं खात्यातला फोन फुलाबाईनं उचलायचा. घरची कडी वाजली की महादेवीनं उठायचं.