फ्रिजवरचा राजीनामा

अंबरनाथ (पूर्व), ३ फेब्रुवारी

आदरणीय चिंतामणीदादा,

हेमचंद्राचा सादर नमस्कार. तुमचा उजवा गुडघा आता जिने चढू देतो का? सरस्वतीवहिनींनी स्वतःसाठी घेतलेलं रक्तदाबाचं यंत्र अजून तुमच्याच दंडाला असतं का? माझी प्रकृती ठणठणीत आहे (पोळ्या मात्र बाहेरून येतात). तुमच्या धाकट्या बहिणीविषयी तुम्हाला लिहायला मला तोंड नाही, तरी लिहितो.

कारखान्यातून निवृत्त झालो आणि तिसऱ्याच आठवड्यात मी फ्रिजवर घरकामाचा तक्ता लावला. चहा सहा दहा, नाश्ता आठ, शिवाय उशिराचं कारण लिहायला वेगळा रकाना. उमाने तो अकरा दिवस इमानदारीने भरला (दूध उशिरा आलं, गॅस संपला, कंटाळा आला). बाराव्या दिवशी तक्त्याच्या जागी एक चिठ्ठी होती : 'मी या नोकरीचा राजीनामा देत आहे. उमा.' दुसरा कुणी असता तर हसला असता, नाहीतर घाबरला असता. मी खिशातून पेन काढून खाली 'मंजूर' लिहिलं आणि तारखेसह सही ठोकली. समोर कागद आला की सही करायची, ही बत्तीस वर्षांची खोड. संध्याकाळी ती चिखलोलीच्या आमच्या रिकाम्या फ्लॅटवर राहायला गेली. आठ दिवसांत येईल असं मला वाटलं. मी न्यायला येईन असं तिला वाटलं असणार.

असं वर्ष गेलं. मला अर्धवट फाइल बघवत नाही, म्हणून मीच फोन करून विचारलं की आता हे कागदोपत्री करून टाकायचं का. ती नाही म्हणेल आणि विषय मिटेल, असा माझा हिशेब. ती "तुम्हाला योग्य वाटेल तसं," म्हणाली. मग दोघांत मिळून एकच वकील केली, चैत्राली नावाची. तिने समजावलं की फ्रिजवरच्या सहीला कायद्यात काही किंमत नाही. संमतीने घटस्फोट हवा तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग दोघांचा अर्ज, जबाब, त्यानंतर सहा महिने थांबायचं, आणि कोर्ट पुन्हा विचारणार. शेवटचा हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. मी विचारलं, सहा महिने कमी होतील का? "काका, घाई नक्की कुणाला आहे?" ती म्हणाली. जे काम मी एका सहीत उरकलं, त्यासाठी कायदा माणसाला दोनदा विचारतो, दादा. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला मी दोघांच्या कागदपत्रांच्या फायली रंगीत चिठ्ठ्या लावून नेल्या होत्या. उमाने दोघांचा डबा आणला होता. कोर्टाच्या बाकावर बसून आम्ही मेथीची भाजी खाल्ली आणि मग पुकारा झाला. न्यायाधीशांनी विचारलं, एकत्र राहणं शक्य आहे का? उमाने माझ्याकडे पाहिलं. मी ताठ उभा राहून, साहेबांच्या पाहणीला उत्तर द्यावं तसं खणखणीत "नाही, साहेब," म्हणालो. मग तीही हळूच नाही म्हणाली. ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती, हे मला परतताना रिक्षात कळलं. ती शेजारीच बसली होती, तरी मी बोललो नाही. त्याचं फार वाईट वाटतं.

आपला,
हेमचंद्र

ता. क. – सहा महिने भरले, कोर्टाची पुढची तारीख सोळा फेब्रुवारी. उमाला फोन करून संमती मागे घे म्हणून सांगाल का? तुमच्याच मनात आलं असं सांगा, माझं नाव नको.

आणखी ता. क. – फोन करू नका. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात आज मीच चिखलोलीला जाऊन आलो. फ्रिजवरची ती चिठ्ठी नेली (फायलीत लावलेली होतीच), 'मंजूर' खोडलं आणि लिहिलं, 'ही सही चुकीची होती. माफ कर.' उमाने वाचलं, माझ्याच खिशातलं पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'अर्ज मिळाला. उत्तर सोळा तारखेला, साहेबांसमोर.' मग चहा दिला. किती वाजले होते ते मी पाहिलं नाही. दादा, सोळाला तुम्ही या. या वेळी तिला आधी बोलू द्यायचं आहे, आणि तोवर मला गप्प बसवायला शेजारी कुणीतरी हवं.