बेस स्टेशनची किल्ली

२ जून
संघटनेत ठराव पास. पुंता लोराच्या मच्छीमारांना अखेर शास्त्रशुद्ध रेडिओ बेस स्टेशन मिळणार. उभारणार मी, संघटनेचा सेक्रेटरी. या गावात दुसरं आहेच कोण? चिलीच्या सैन्यात मी दीड वर्ष सिग्नलवाल्यांत होतो. त्यातलं वर्षभर गोदामात, पण गोदाम सिग्नलचंच होतं.

आजवर अठरा होड्या कोणाच्या भरवशावर, तर लुदोविनाबाईंच्या. बंदराच्या तोंडावर घर. स्वयंपाकघरात पावाच्या डब्यावर जुनाट सेट, ट्रकची एक बॅटरी, खिडकीबाहेर झाडूच्या दांड्याला बांधलेली अँटेना. कालवण ढवळता ढवळता बाई होड्यांशी बोलतात. लाज वाटते.

६ जून
खांब उभा. बारा मीटर. अँटेना दोन, एक मुख्य, एक राखीव. नोल्बेर्तो म्हणतो खांब तिरका आहे. संघटनेचा अध्यक्ष असला म्हणून काय झालं, नजरच तिरकी. उद्यापासून रोज पहाटे पाचला चाचणी.

७ जून
नऊला उठलो. खांबाचे श्रम.

११ जून
वीज गेली तर दोन बॅटऱ्या. बॅटऱ्या उतरल्या तर जनरेटर. नोल्बेर्तोने विचारलं, आणि सेक्रेटरी, तूच आडवा झालास तर? मी आडवा होत नाही, म्हणालो. मग म्हणे, एक किल्ली लुदोविनाबाईंकडे ठेव, चार पावलांवर तर राहतात. मी नुसता हसलो. नवीन कुलूप लावलं. किल्ली एकच. माझ्या गळ्यात.

१५ जून
होड्यांना नियम वाटले, सात पानं. आधी बेसचं नाव, मग आपलं, शेवटी ‘ओव्हर’. अकरा तास बसलो. कॉल एक. बाईंकडे आज काय शिजतंय, असं कोणीतरी विचारत होता. नियमबाह्य. उत्तर दिलं नाही.

बाई म्हणे प्रत्येक होडीचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखतात. त्यांच्या कोंबड्याही ओळखत असतील.

२८ जून
उद्या मच्छीमारांच्या संताची, संत पेद्रोची मिरवणूक. मूर्ती नोल्बेर्तोच्या होडीत, मागे सगळ्या होड्या, बायकापोरांसकट अख्खं गाव. मी मूर्तीशेजारी. भर समुद्रातून हँडसेटवर माझ्या बेसला हाक मारणार. बेसचं खणखणीत उत्तर सगळ्या होड्यांत ऐकू जाईल. भाषण पाठ केलंय.

बाई येणार नाहीत. सगळे पाण्यावर असताना रेडिओपाशी कोणीतरी बसायला हवं, म्हणाल्या. मोठेपणाची हौस, दुसरं काय.

२९ जून, संध्याकाळी ६
परतताना धुकं उतरलं. बंदराच्या तोंडाशी, जिथे खडक आहेत तिथेच. शेजारची होडी दिसेना. पोरं रडायला लागली. नोल्बेर्तो म्हणाला, सेक्रेटरी, बोलाव तुझं बेस.

बोलावलं. नियमाप्रमाणे तीनदा. तिसऱ्यांदा बोलावताना गळ्यातली किल्ली हाताला लागली.

बॅटऱ्या भरलेल्या होत्या. दोन्ही अँटेना उत्तम. खुर्चीत कोणी नव्हतं.

नोल्बेर्तोने हँडसेट हिसकावून घेतला आणि नुसतं लुदोविनाबाई, एवढंच म्हणाला. बाईंचं उत्तर तिथल्या तिथे. ऐकतेय रे लेका, बाकीच्यांना इंजिनं बंद करायला सांग, तुझं जरा वाढव. मग म्हणाल्या, खडकाला चिकटलायस, उजवीकडे घे. अजून घे. आता ये सरळ. अशा एकेक करून अठराही होड्या खिडकीशी कान लावून बंदरात घेतल्या. मधे एकदा थांबा म्हणाल्या. कालवण उतू जात होतं.

मी संताच्या पायांना धरून बसलो होतो. फार घाबरलो होतो. हे इथेच राहू दे.

३ जुलै
बैठक. सगळी यंत्रसामग्री बाईंच्या स्वयंपाकघरात हलवायचं ठरलं. इतिवृत्तात मी ‘बेसचा विस्तार’ असं लिहिलं. कुलूप काढलं. किल्ली गळ्यात आहे अजून.

माझी नेमणूक बॅकअप म्हणून. बाई बाजारात गेल्या की मी बसायचं.

आज पहिल्यांदा बसलो. दोन तासांत नऊ कॉल. आठ जणांनी विचारलं, बाई कधी येणार. नवव्याने विचारलं, आज काय शिजतंय. मी उठून झाकण काढलं, बघितलं आणि सांगितलं. ओव्हर म्हणायचं राहून गेलं.