तांबडी शिवण

दौंड, १२ मार्च २००७

अनसामावशी,

अकरा वर्षांपूर्वी तू तुझ्या पोराला, संपतला हुडकत आमच्या पोलीस ठाण्यात आली होतीस. त्याच्या आदल्या आठवड्यात घोड नदीत एक प्रेत सापडलं होतं. तोंड ओळखू येत नव्हतं. पण अंगाला गुंडाळलेल्या घोंगडीच्या काठाला तांबडी शिवण होती. तसला उलटा टाका आपल्यात तुझ्याशिवाय कुणी घालत न्हाई. पंचनामा लिहिता लिहिता माझा हात थांबला.

साहेब मागंच उभे होते. चोरीच्या संशयावरून त्यांनी एकाला उचललं होतं आन् तो मारात गेला, एवढं मी ऐकून होतो. तो आपला संपत, हे तवा कळलं. साहेब हळूच म्हणाले, "अनोळखी लिही. नोकरी नवीन आहे तुझी."

मी लिहिलं, घोंगडी काळी, जुनी. शिवण लिहिली न्हाई.

तुला वाचता येत न्हाई, म्हणून तो कागद मीच वाचून दाखवला. तू म्हणालीस, "शिवण न्हाई म्हंजी माझा संपत न्हवं त्यो." आन् माझ्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडलीस.

परवा तू त्याच्यासाठी नवी घोंगडी धाडलीस. निरोप होता, "पोलिसात हायस, तुलाच आधी गावंल." ती समोर खाटेवर ठेवलीय. खोलीत दुसरं कुणी न्हाई.

हे पत्र टाकलं तरी तू ते घेऊन माझ्याकडंच येशील, वाचून दाखव म्हणशील.

तुझ्या बहिणीचा ल्योक,
बिरदेव